रोबॉटला कॅमेरा लावला की छोट्या मशीन शॉपला परवडतो का? भोसरी-चाकण, कोल्हापूर, नाशिक, सगळ्यांनी लिहा

भोसरीचा_सेटर

मंडळी, बऱ्याच दिवसांपासून या विषयावर धागा काढायचा होता. मी रोबॉट सेल, म्हणजे रोबॉट आणि त्याच्याभोवतीची मशीन-सामान, बसवण्याच्या कामात आहे, भोसरी, चाकण, तळेगाव हा आमचा पट्टा, आणि हल्ली जो कस्टमर भेटतो तो एकच विचारतो, एआयवाला कॅमेरा लावला की रोबॉट कुठलाही जॉब, म्हणजे पार्ट, उचलेल ना? याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय, ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी भर घालावी.

मुळात रोबॉटला काहीही दिसत नाही हे बऱ्याच मालकांना पटतच नाही. १९६१ साली न्यू जर्सीत जनरल मोटर्सच्या प्लँटमध्ये युनिमेट नावाचा पहिला रोबॉट लागला, डाय कास्टिंग मशीनमधून गरम पीस काढायला, आणि तेव्हापासून आजपर्यंत कारखान्यातले बहुतेक रोबॉट तेच करतात, टीच पेंडंटने (हातातल्या रिमोटने) शिकवलेल्या पॉइंटला जायचं आणि ग्रिपर बंद करायचा. तिथे जॉब आहे की नाही, सरकलाय की फिरलाय, त्याला पत्ता नसतो. कॅटलॉगात रिपीटेबिलिटी (पुन्हा पुन्हा त्याच जागी येण्याची अचूकता) ०.०३ मिलिमीटर लिहिलेली असते, ती खरीही असते, पण जॉबच त्या जागी आला नाही तर तिचा काय उपयोग. म्हणून मग जॉब त्याच जागी आणायचा खटाटोप सुरू होतो, फिक्स्चर, लोकेटर पिन, खाच्यांचा ट्रे, बाउल फीडर, इंडेक्सिंग कन्व्हेयर. मोठ्या गाडी कंपनीला हे परवडतं कारण एकच पार्ट वर्षानुवर्षं लाखात चालतो.

आपल्याकडच्या छोट्या शॉपचं गणित वेगळं. दोन टर्निंग सेंटर, एक व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन), लॉट तीनशे-चारशे पीसचा, आठवड्यात तीन-चार वेळा मॉडेल चेंज. प्रत्येक पार्टला वेगळा ट्रे आणि वेगळं लोकेशन करायचं म्हटलं की दोन-तीन वर्षांत ट्रे-फिक्स्चरचा खर्च रोबॉटच्या जवळ जातो, शिवाय ते ठेवायला जागा लागते आणि बदलायला माणूस. मग रोबॉट एकाच चालू पार्टवर अडकून बसतो आणि बाकीच्या पार्टना पुन्हा हातानेच लोडिंग. माझ्या मते कॅमेऱ्याचा खरा फायदा इथे आहे. रोबॉट हुशार होतो वगैरे सोडून द्या, फक्त पार्ट बदलला की ट्रे बदलावा लागत नाही, एवढं जरी झालं तरी छोट्या शॉपचं गणित बसतं.

आणि ही कल्पना नवी नाही. १९७९ च्या आसपास जनरल मोटर्सच्याच रिसर्चवाल्यांनी कॉनसाइट नावाची सिस्टिम केली होती, कन्व्हेयरवर आडवी प्रकाशाची रेघ टाकायची, वर कॅमेरा, पार्ट आला की रेघ तेवढ्या भागात सरकते, त्यावरून पार्टची आकृती, जागा आणि कोन काढायचा आणि रोबॉटने चालत्या पट्ट्यावरून उचलायचा. म्हणजे चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी त्यांनी प्रश्न बरोबर ओळखला होता आणि प्रकाश आपल्या हातात ठेवला होता. आज आपल्याकडे त्यापेक्षा कितीतरी भारी कॉम्प्युटर आहे पण लाइटकडे मात्र कोणी बघत नाही, कोटेशनमध्ये सगळ्यात आधी लाइट कापतात!

आता २डी आणि ३डीचा फरक, कारण इथेच पैसे वाया जातात. सपाट जॉब सपाट टेबलावर, एकावर एक नाही, तर २डी कॅमेरा भरपूर झाला. ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे आडवे २४४८ पिक्सेल, ४०० मिलिमीटर रुंद भाग बघायचा तर एका पिक्सेलला साधारण ०.१६ मिलिमीटर, पिकिंगला एवढं पुरतं. पण एक गोम आहे. समजा कॅमेरा वर १ मीटरवर आहे आणि जॉब फ्रेमच्या मध्यापासून ३०० मिलिमीटर बाजूला पडलाय, आणि त्याची उंची सेटिंगला धरली होती त्यापेक्षा १० मिलिमीटर जास्त निघाली, तर कॅमेरा त्याची जागा ३ मिलिमीटर चुकीची सांगणार, कारण तो तिरका बघतोय. मधोमध पडलेला जॉब बरोबर उचलला जातो आणि कडेचा चुकतो, आणि लोक दिवसभर प्रोग्रॅम तपासत बसतात. हे लक्षण दिसलं की आधी उंची बघा, म्हणजे जॉब बदललाय का, खाली पुठ्ठा टाकलाय का, क्रेट वाकलाय का.

एकावर एक ढीग असेल तर ३डी शिवाय इलाज नाही, त्याबद्दल खाली लिहीनच. पण आधी तुमचे अनुभव येऊ द्या. विशेषतः ज्यांच्याकडे लॉट छोटा आहे त्यांचे.

टूलरूम_काका

चांगला विषय. मी आयुष्यभर टूलरूममध्ये फिक्स्चर केले आणि आता रिटायर आहे, त्यामुळे फिक्स्चरची बाजू मला मांडायलाच हवी. तुम्ही दोन गोष्टी एकत्र करताय. जॉब उचलण्यासाठी लागणारं लोकेशन आणि जॉब मशीन करण्यासाठी लागणारं लोकेशन. पहिलं कॅमेरा देईल, दुसरं कधीच देणार नाही. मशीनिंगला ३-२-१ शिवाय पर्याय नाही, तीन पॉइंटवर बसवा, दोनवर टेकवा, एकावर अडवा, मग क्लॅम्प. कटिंग फोर्स आला की कॅमेऱ्याने सांगितलेली जागा राहत नाही, पिन राहते.

आणि दुसरं, रोबॉट जॉब घेऊन आला की फिक्स्चरमध्ये सीटिंग नीट झालंय का हे कोण बघणार? माणूस लोड करताना एकदा हाताने दाबतो, आवाज ऐकतो, खाली चिप अडकली असेल तर हाताला कळते आणि तो कापडाने पुसून पुन्हा बसवतो. हे सगळं तो न सांगता करतो म्हणून कुठल्या प्रोसेस शीटवर लिहिलेलं नसतं, आणि रोबॉट आला की हेच सगळं सुटतं.

भोसरीचा_सेटर

काका, शंभर टक्के. मशीनमधलं फिक्स्चर राहणारच, मी बोलतोय ते मशीनच्या बाहेरच्या ट्रे आणि फीडरबद्दल. मूळ पोस्टमध्ये हे वेगळं करून लिहायला हवं होतं, वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून इथे स्पष्ट करतो, छोट्या शॉपमध्ये खर्च वाढतो तो बाहेरच्याच गोष्टींवर, आतलं फिक्स्चर तर माणूस लोड करत असला तरी लागतंच.

सीटिंगचा मुद्दा तर सोन्यासारखा आहे. आम्ही लोकेटिंग पॅडमधून एअर सेन्सिंग करतो, जॉब पॅडवर नीट टेकला की हवा कोंडते आणि प्रेशर वाढतं, खाली चिप असली की हवा निसटते आणि मशीन सायकल घेतच नाही. आणि लोड करायच्या आधी फिक्स्चरवर कूलंटचा फवारा आणि एअर ब्लो. कॅमेऱ्याने हे बघायचा अट्टहास करू नये, मशीनच्या आत कूलंटचं धुकं असतं, काच दोन तासात चिकट होते.

शिरोलीचा_फौंड्रीवाला

आमच्याकडं कोल्हापुरात प्रश्न अजून वेगळा हाय. मशीन शॉपमध्ये जॉब तरी एकसारखा असतोय, फौंड्रीत दोन कास्टिंग सारखी नसत्यात. पार्टिंग लाइनवर (साचे जुळत्यात त्या रेघेवर) फ्लॅश, म्हणजे बाहेर आलेला जादा धातू, कुठं जाड कुठं पातळ, रायझर तोडल्याची जागा वेगवेगळी, कधी कोअर सरकलेला. फेटलिंगला (हा जादा धातू घासून काढायला) रोबॉट लावायचा म्हणून एकानं टीच करून दिला, फ्लॅश पातळ असंल तिथं हवेत ग्राइंड करायचा आणि जाड असंल तिथं व्हील अडकायचं, मोटर ट्रिप. शेवटी पोरं परत अँगल ग्राइंडर घेऊन उभी राहिली.

आणि हे काम पोरांनी करावं असं मला अजिबात वाटत नाही. दिवसभर धूळ, आवाज, हाताला व्हायब्रेशन. आता नवीन पोरं फेटलिंगला यायलाच तयार नाहीत, हे गावात विचारा कुणालाबी. म्हणून मला खरंच जाणून घ्यायचंय की कॅमेरा लावून आधी कास्टिंग स्कॅन करायचं आणि मग प्रत्येकाचा ग्राइंडिंगचा रस्ता वेगळा काढायचा, हे जमतंय का, आणि धुळीत टिकतंय का?

स्टुटगार्टहून_सुहास

जमतं. मी इकडे जर्मनीत व्हिजनच्याच कामात आहे, मूळचा सांगलीचा. कास्टिंग हे ३डी कॅमेऱ्यासाठी खरं तर सोपं गिऱ्हाईक, कारण शॉट ब्लास्ट केलेला पृष्ठभाग करडा आणि मॅट असतो, चमकत नाही. बहुतेक औद्योगिक ३डी कॅमेरे पट्ट्यांचा प्रकाश टाकतात, त्या पट्ट्या जॉबवर वाकतात आणि त्या वाकण्यावरून प्रत्येक पिक्सेलचं अंतर काढतात. मॅट पृष्ठभागावर पट्ट्या स्वच्छ दिसतात. गोची होते ती ग्राइंड केलेल्या शाफ्टवर, तेल लागलेल्या बेअरिंग रिंगवर, स्टेनलेसवर, कारण तिथे प्रकाश आरशासारखा दुसरीकडेच जातो आणि पॉइंट क्लाउडमध्ये, म्हणजे मोजलेल्या बिंदूंच्या ढगात, नेमकी भोकं पडतात जिथे तुम्हाला पकडायचं असतं. त्यावर कमी-जास्त एक्स्पोजरचे अनेक फोटो एकत्र करणं, पोलरायझर लावणं, कॅमेरा थोडा तिरका करणं हे उपाय आहेत, पण शंभर टक्के कुठलाच नाही.

फेटलिंगमध्ये पद्धत अशी की स्कॅन केलेला पॉइंट क्लाउड आणि कास्टिंगचं कॅड मॉडेल एकमेकांवर बसवायचं, यासाठी आयसीपी नावाची जुनी पद्धत १९९२ पासून आहे आणि अजूनही तीच कामाला येते, आणि मग कॅडपेक्षा जिथे जास्त धातू दिसतो ती फ्लॅश. पण इथे सावध राहा. संपूर्ण कास्टिंग कॅडवर बसवायला गेलात तर फ्लॅशसुद्धा त्या हिशोबात येते आणि मॉडेल थोडं सरकून बसतं. म्हणून फ्लॅश कधीच येत नाही असे दोन-तीन भाग निवडा आणि फक्त त्यांच्यावर बसवा, टूलरूम काकांच्या ३-२-१ चाच विचार, फक्त पिनऐवजी पॉइंट क्लाउडमध्ये. आणि तरीही ग्राइंडिंगच्या टूलला फोर्स कंट्रोल हवाच, म्हणजे ठरलेल्या दाबाने टेकणारा आणि मागे-पुढे होणारा हेड. कॅमेरा जवळपास नेतो, शेवटचं काम दाबावर चालतं.

शिरोलीचा_फौंड्रीवाला

हे फ्लॅश नसलेल्या भागावर बसवायचं भारी सांगितलंत. आमच्या पॅटर्नमेकरला विचारलं तर तो लगेच दाखवंल कुठले भाग कायम चांगले येतात ते.

अनघा_मेकॅट्रॉनिक्स

नमस्कार, मी शेवटच्या वर्षाला आहे, पुण्यात. आमचा प्रोजेक्ट छोट्या कोबॉटने (माणसासोबत काम करणाऱ्या रोबॉटने) टेबलावरचे वेगवेगळे पार्ट ओळखून वेगळे करायचा आहे. योलो हे वस्तू ओळखणारं एआय मॉडेल ट्रेन केलं, ओळखण्यात काहीच अडचण नाही, स्क्रीनवर प्रत्येक पार्टभोवती छान चौकोन येतो. पण रोबॉट उचलायला गेला की कधी ४ मिलिमीटर इकडे कधी ७ तिकडे, आणि मनगट फिरवलं की चूक अजून बदलते. कॅमेरा ग्रिपरजवळच लावलाय. गाइड म्हणतात अजून डेटा घाला. डेटा वाढवून हे सुटेल का?

भोसरीचा_सेटर

अनघाताई, नाही सुटणार, डेटाचा इथे काही संबंध नाही. तुमचं मॉडेल 'काय आहे' हे सांगतंय, रोबॉटला हवंय 'माझ्या बेसपासून कुठे आहे' हे, आणि या दोघांच्या मधला पूल म्हणजे हँड-आय कॅलिब्रेशन. मनगट फिरवलं की चूक बदलते हे वाक्य तुम्ही लिहिलंत त्यावरूनच कळतं.

काय करायचं ते सांगतो. चेकरबोर्ड टेबलावर घट्ट चिकटवा, हलता कामा नये. रोबॉटला पंधरा-वीस वेगवेगळ्या पोझमध्ये नेऊन प्रत्येक ठिकाणी फोटो घ्या आणि त्याच क्षणी फ्लँजची (मनगटाच्या टोकाची) पोझ, म्हणजे जागा आणि कोन, लिहून ठेवा. आणि पोझ वेगवेगळ्या म्हणजे नुसतं वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवणं नव्हे, मनगट दोन्ही दिशांना चांगलं तिरकं करा, वीस-तीस अंश, कारण फिरवल्याशिवाय कॅमेरा फ्लँजपासून कुठे बसलाय हे गणितातून निघतच नाही. विद्यार्थी बहुतेक इथेच घाबरतात, तिरकं केलं की बोर्ड फ्रेममधून जातो म्हणून सगळे फोटो सरळ वरून घेतात. गणित त्साय आणि लेन्झ यांनी १९८९ मध्येच सोडवून ठेवलंय, ओपनसीव्ही या सॉफ्टवेअर लायब्ररीमध्ये तयार फंक्शन आहे.

अजून एक, फोटो घेताना रोबॉट पूर्ण थांबू द्या, थांबल्यावर हात क्षणभर थरथरतो, अर्धा सेकंद जाऊ दे. आणि बोर्ड प्रिंट करून आणला असेल तर चौकोन व्हर्नियरने मोजा, प्रिंटर पानावर बसवण्यासाठी साइज बदलतो आणि मग २५ मिलिमीटरचा चौकोन २४.३ चा होतो, सगळी मापं त्याच प्रमाणात चुकतात.

स्टुटगार्टहून_सुहास

याला जोडून, कोनांची पद्धत तपासा. प्रत्येक रोबॉट कंपनी कोन वेगळे लिहिते, कूकाचे ए-बी-सी, फानुकचे डब्ल्यू-पी-आर, युनिव्हर्सल रोबॉट्सचा रोटेशन व्हेक्टर, हे तिन्ही सहा आकडेच दाखवतात पण अर्थ वेगळा. युनिव्हर्सलचे शेवटचे तीन आकडे रोल-पिच-यॉ समजून कोडमध्ये घातले तर कॅलिब्रेशन चालतं, एरर येत नाही, फक्त उत्तर चुकीचं येतं. त्यापेक्षा सगळं मॅट्रिक्समध्ये बदलून घ्या.

आणि कोनातली छोटी चूक लांब जॉबवर किती वाढते हेही लक्षात ठेवा, अर्ध्या मीटरचा शाफ्ट एका टोकाला पकडला आणि ०.१ अंशाची चूक असली की दुसऱ्या टोकाला जवळजवळ ०.९ मिलिमीटर. चकमध्ये (मशीनच्या जॉब पकडणाऱ्या जबड्यात) घालताना तेवढ्यात आपटतो.

अनघा_मेकॅट्रॉनिक्स

खूप खूप धन्यवाद दोघांनाही. आमच्या लॅबमध्ये युनिव्हर्सलचाच आहे आणि फोटो सगळे सरळ वरून घेतलेत. उद्याच तिरकं करून घेते.

वाळूज_कामगार

सगळं वाचलं, माहिती चांगली आहे. पण एक प्रश्न कुणीच विचारला नाही म्हणून मी विचारतो. व्हीएमसीवर लोडिंग करणारी पोरं बहुतेक कंत्राटी असतात, आयटीआय झालेली किंवा तेही नाही. ट्रे-फिक्स्चर महाग होतं म्हणून छोट्या शॉपमध्ये आजपर्यंत त्यांची कामं टिकली. तुम्ही म्हणताय कॅमेऱ्याने ती अडचण गेली, म्हणजे आता छोट्या शॉपमधूनही ही पोरं जाणार. मोठ्या कंपनीत निदान युनियन असते, बोलायला कोणीतरी असतं. इथे कोण आहे? याचं उत्तर कुणी मनापासून देणार असेल तर द्या, 'नवीन स्किल शिका' एवढं नको.

मीनल_प्रॉडक्शन

दादा, प्रश्न बरोबर आहे आणि मी तो रोज बघते, चाकणला प्रॉडक्शनमध्ये आहे. मनापासून सांगायचं तर काही कामं जाणार, ते नाकारण्यात अर्थ नाही. इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ रोबॉटिक्सच्या आकड्यांप्रमाणे २०२३ मध्ये भारतात ८,५१० औद्योगिक रोबॉट बसले, आधीच्या वर्षापेक्षा ५९ टक्के जास्त, म्हणजे हे थांबणारं नाही.

पण एक गोष्ट मला दिसलीय ती सांगते. कॅमेरावाला सेल आला की त्याला रोज बघणारं कोणीतरी शॉपमध्येच लागतं. नवा पार्ट आला, लाइट सेट करा, मास्टर फोटो घ्या, कुठे पकडायचं ते दाखवा, ग्रिपरची बोटं बदला. हे काम कोण करणार हे मालक ठरवतो. इंटिग्रेटरला (सेल बसवून देणाऱ्या कंपनीला) फोन करून बोलवायचं ठरवलं तर सेल दोन दिवस बंद आणि व्हिजिटचे पैसे, आणि शेवटी सेल झाकून ठेवतात. लोडिंग करणाऱ्याच मुलाला शिकवलं तर तो तासाभरात नवा पार्ट चालू करतो, कारण जॉब कसा ठेवला की कसा पडतो, कुठे तेल साठतं, कुठला सप्लायरचा माल काळपट येतो हे त्यालाच माहीत असतं. आमच्याकडे जिथे स्क्रीन मराठीत केली आणि पार्ट बदलायचे अधिकार ऑपरेटरला दिले तिथेच सेल तिन्ही शिफ्ट चालतोय. जिथे पासवर्ड इंजिनिअरकडे ठेवला तिथे रात्रपाळीला बंद. आणि अधिकार दिले तर पगारही त्या कामाचा द्यायला हवा, कंत्राटी लोडर म्हणून ठेवून सेटरचं काम करून घ्यायचं हे मी बघितलंय आणि ते चूक आहे. याबद्दल इंटिग्रेटर लोकांनी मालकाला कोटेशन देतानाच बोलायला पाहिजे, नंतर कोणी ऐकत नाही.

वाळूज_कामगार

पगाराचं बोललात हे बरं केलंत. कोटेशनमध्ये ऑपरेटरचं ट्रेनिंग किती दिवस, कोणाला, हे लिहिलेलं असावं असं मला वाटतं. नुसतं 'ट्रेनिंग दिले जाईल' असं नको.

भोसरीचा_सेटर

मान्य, आणि मी पुढच्या कोटेशनपासून हे नावानिशी लिहिणार. मीनलताई म्हणतात तसं जो माणूस जॉब रोज हाताळतो त्याच्याकडे सेल दिला तरच कॅमेऱ्याच्या लवचिकपणाचा उपयोग आहे, नाहीतर पार्ट बदलायला जेवढा वेळ ट्रे बदलायला लागत होता त्याहून जास्त वेळ इंजिनिअरची वाट बघण्यात जातो. मोठ्या कंपन्यांतसुद्धा हेच दिसतं, चाकणला बजाज ऑटोने २०१० पासून कोबॉट लाइनवर आणले ते छोटे, हलवता येणारे आणि लाइनवरच्या लोकांना हाताळता येणारे म्हणूनच.

आता राहिलेला विषय, ढिगातून उचलणं, म्हणजे बिन पिकिंग. पिशवीत हात घालून न बघता लिंबू काढावं इतकं ते माणसाला सोपं, कारण आपली बोटं चाचपतात, एक पकडताना शेजारचं सरकवतात. रोबॉटला यातलं प्रत्येक पाऊल वेगळं सोडवावं लागतं, कुठला जॉब सगळ्यात वर आणि मोकळा आहे, त्याला कुठे पकडलं तर ग्रिपर बिनच्या भिंतीला लागणार नाही, आणि ज्या बाजूने पकडलाय त्याच बाजूने चकमध्ये घालता येणार आहे का. शेवटचं नसेल तर मधे एका स्टँडवर ठेवून पुन्हा पकडावं लागतं, तिथे वेळ जातो. आणि कोपऱ्यातले शेवटचे काही जॉब जवळपास नेहमी राहतात, ते गृहीत धरूनच बिन बदलायचं ठरवा.

वेळेचं म्हणाल तर ३डी स्कॅन आणि गणित मिळून एक ते तीन सेकंद धरा. प्रेस लाइनला हे जमणार नाही, स्ट्रोकच चार-पाच सेकंदांचा. पण मशीनिंगची सायकल ९० सेकंदांची असेल तर रोबॉट नाहीतरी उभाच असतो, तिथे हा वेळ फुकट आहे. कॅमेरा रोबॉटच्या हातावर न लावता वर फ्रेमवर लावला तर रोबॉट मशीनमध्ये असतानाच पुढचा फोटो होऊन जातो. म्हणून मी छोट्या शॉपला नेहमी सांगतो, सुरुवात मशीन टेंडिंगपासून (मशीनमध्ये जॉब घालण्या-काढण्यापासून) करा.

स्टुटगार्टहून_सुहास

ग्रिपरबद्दल लिहायला हवं, कारण सगळे कॅमेऱ्याबद्दलच बोलतायत. २०१५ मध्ये ॲमेझॉनने सिएटलला पिकिंगची स्पर्धा घेतली होती, शेल्फमधून तऱ्हेतऱ्हेच्या वस्तू काढायच्या. जिंकली बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीची टीम, आणि त्यांच्या रोबॉटच्या टोकाला होती व्हॅक्यूम क्लीनरची नळी. बोटांचा ग्रिपर जागा अचूक मागतो, सक्शन थोडी चूक खपवून घेतं. लोखंडी जॉब असेल तर मॅग्नेट तेच करतं, फक्त मॅग्नेटला कधी दोन जॉब चिकटून येतात, तेव्हा उचलल्यावर वजन बघणारा सेन्सर ठेवा.

डेटाबद्दलही सांगतो. २०१७ मध्ये बर्कलीच्या डेक्स-नेट २.० ने कॉम्प्युटरमध्येच तयार केलेले ६७ लाख नमुने वापरून पकडायची जागा शिकवली आणि ते खऱ्या वस्तूंवर चाललं. त्यामुळे तुमच्या पार्टचं कॅड असेल तर हजारो फोटो काढून चौकोन काढत बसायची गरज हल्ली कमी झालीय, कॅडवरून वेगवेगळ्या लाइटमध्ये, वेगवेगळ्या ढिगात खोटे फोटो बनवून ट्रेन करतात. पण खरे फोटो थोडे तरी घाला आणि ते चांगले नको, वाईट घाला. गंजलेला, तेलकट, खडूने क्रॉस मारलेला, लेबल चिकटलेला.

टूलरूम_काका

खडूचा क्रॉस! बरोबर. रिजेक्ट जॉबवर इन्स्पेक्टर खडू मारतो आणि तोच बिनमध्ये परत जातो.

लाइटबद्दल माझाही एक अनुभव. आमच्या जुन्या शेडमध्ये छताला पारदर्शक पत्रे होते, उजेड यावा म्हणून. एका सेलला दुपारी साडेतीन-चारच्या सुमारासच एरर यायची, सकाळी नाही, रात्री नाही. सगळ्यांनी सॉफ्टवेअर पाहिलं. शेवटी एका हेल्परने दाखवलं की त्या वेळेला उन्हाचा पट्टा सरकत सरकत बरोबर ट्रेवर येतो.

भोसरीचा_सेटर

काका, हे आमच्या भागात अजूनही चालू आहे, आणि हिवाळ्यात-उन्हाळ्यात ऊन वेगळ्या जागी पडतं त्यामुळे नोव्हेंबरमध्ये ट्रायल पास झालेला सेल मार्चमध्ये बोंबलतो. लाल एलईडी लाइट आणि लेन्सवर फक्त लाल जाऊ देणारा फिल्टर लावला की बराच फरक पडतो पण उन्हातही लाल असतंच, म्हणून लाइट फ्लॅशसारखा जोरात आणि एक्स्पोजर अगदी थोडा ठेवायचा. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कॅमेऱ्याच्या भागावर पत्र्याचं छत आणि दोन बाजूंना काळे पडदे. एवढ्या खर्चात जे होतं ते महागडं एआय करत नाही.

अजून एक महत्त्वाचं, सेफ्टी. मीनलताईंच्या पोस्टनंतर हे लिहायलाच हवं. पार्ट शोधणारा कॅमेरा माणूस शोधण्यासाठी नसतो. काही लोक म्हणतात कॅमेरा आहेच, माणूस आला की थांबेल, जाळी कशाला. असं करू नका. साधा कॅमेरा किंवा एआय मॉडेल सेफ्टी रेटेड नसतं, त्याच्या भरवशावर माणसाला आत सोडता येत नाही. लाइट कर्टन किंवा सेफ्टी लेझर स्कॅनर किंवा इंटरलॉक असलेलं दार, हे वेगळं लागतंच. रोबॉटच्या सेफ्टीसाठी आयएसओ १०२१८ हे स्टँडर्ड आहे, माणसासोबत काम करणाऱ्या कोबॉटसाठी २०१६ मध्ये टीएस १५०६६ आलं, त्यात अंगाच्या कुठल्या भागाला किती जोर चालेल हेही दिलंय. आणि कोबॉट स्वतः सेफ असला तरी त्याच्या हातातला धारदार बर (कापल्यावर कडेला राहिलेला धातू) असलेला जॉब सेफ नसतो.

मीनल_प्रॉडक्शन

+१, हे शेवटचं वाक्य प्रत्येक सेलवर लावायला हवं.

शिरोलीचा_फौंड्रीवाला

माझा धुळीचा प्रश्न राहिला बघा. स्कॅनर घेतला तरी आमच्या फेटलिंगमध्ये तासाभरात काचेवर काळी धूळ बसणार. आणि पोरगं कापडानं पुसणार, कापडात वाळू, काच घासली की संपलं. त्याला काय करतात?

स्टुटगार्टहून_सुहास

कॅमेरा ग्राइंडिंगच्या खोलीत ठेवूच नका. स्कॅनिंगचं स्टेशन वेगळं करा, रोबॉटने कास्टिंग उचलून आधी तिथे न्यायचं, स्कॅन, मग ग्राइंडिंगला आत. मधे एक सरकणारं दार. एकदा ग्रिपरमध्ये घट्ट पकडून स्कॅन केलं की कास्टिंग रोबॉटच्या हातात कुठे आहे ते कळतं आणि मग आत कॅमेऱ्याची गरजच नाही, फक्त पकड सुटता कामा नये. तरीही कॅमेऱ्याला बंद डबा, पुढे बदलता येणारी साधी काच, आणि डब्यात कोरड्या हवेचं थोडं प्रेशर म्हणजे धूळ आत शिरणार नाही. काच कापडाने पुसायचीच नाही, आधी हवेने उडवायची, आणि खराब झाली की बदलायची. फक्त नवी काच त्याच जाडीची घ्या, जाडी बदलली की किरणांचा रस्ता थोडा बदलतो.

आणि स्टेशनच्या कोपऱ्यात एक सिरॅमिकचा मॅट गोळा कायमचा बसवून ठेवा. शिफ्ट सुरू होताना कॅमेऱ्याने आधी तो स्कॅन करायचा आणि त्याचा मध्य कालच्या जागेशी ताडून बघायचा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर कास्टिंगला हात न लावता अलार्म. कुणाचा धक्का लागून ब्रॅकेट हललंय, काच मळलीय, की उन्हाने फ्रेम तापलीय, हे मग शोधता येतं.

शिरोलीचा_फौंड्रीवाला

हे पटलं. वेगळ्या स्टेशनला जागा आहे आमच्याकडं, शॉट ब्लास्टिंगच्या मागं. सुहासराव, एका ब्रॅकेटचं कॅड आणि चांगल्या-वाईट कास्टिंगचे फोटो पाठवतो, पॅटर्नमेकरनं खुणा केलेले भाग पण त्यात दाखवतो. बघून सांगा कुठल्या भागावर मॉडेल बसवायचं ते.